भोंगा वाजला, पण ऐकू कुणाला आला?

7 मे 2025 रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशाने देशातल्या 244 नागरी संरक्षण जिल्ह्यांत ‘ऑपरेशन अभ्यास’ हा सराव झाला. महाराष्ट्रात मुंबई, उरण, तारापूर, पुणे, नाशिक, मनमाड, सिन्नर, भुसावळ अशी सोळा ठिकाणे त्यात होती. आदेश आणि सराव यांत जेमतेम दोन दिवसांचे अंतर होते. त्या दोन दिवसांत जिल्हा प्रशासनांची धावपळ झाली ती आपल्याकडचे जुने भोंगे कुठे आहेत आणि त्यांतले किती वाजतात हे शोधण्यासाठी. अनेक ठिकाणी ते बंद पडलेले निघाले. त्यानंतर नव्या भोंग्यांच्या खरेदीची चर्चा सुरू झाली आणि तिचा सगळा भर आकड्यावर राहिला: शहराला किती हवेत, जिल्ह्याला किती हवेत.

ज्या देशांनी हा प्रश्न आधी हाताळला, तिथे मात्र भोंगे कमी पडले म्हणून झालेल्या हानीपेक्षा भोंगे असून उपयोग झाला नाही म्हणून झालेल्या हानीवर जास्त शाई खर्च झाली आहे. भोंगा चुकीच्या जागी उभा होता, वीज गेल्याबरोबर मुका झाला, नको तेव्हा वाजला, किंवा वाजला पण काय करायचे हे कुणाला उमगले नाही. या वादाची आजची स्थिती काय आहे, हे या लेखात पाहायचे आहे.

भोंग्याचा प्रवास

महाराष्ट्राला भोंगा नवा नाही. गिरणगावातले घड्याळ कित्येक पिढ्या गिरणीच्या भोंग्यावर लागत होते. नगरपालिकेचा सकाळचा भोंगा अनेक तालुक्यांच्या गावी अजून वाजतो. 30 जानेवारीला सकाळी अकराच्या ठोक्याला दोन मिनिटांचे मौन पाळण्याचा इशाराही भोंग्यानेच दिला जातो. नागरी संरक्षणाची रीत दुसऱ्या महायुद्धापासूनची: वरखाली होणारा आवाज दोन मिनिटे म्हणजे धोका, एकसुरी आवाज दोन मिनिटे म्हणजे धोका टळला. 1965 आणि 1971 च्या युद्धांत मुंबईकरांना ही भाषा पाठ होती. पुढे सराव थांबला आणि ती विस्मरणात गेली.

पश्चिमेत शीतयुद्धाने भोंग्यांचे जाळे वाढवले. क्रायस्लर कंपनीने 1952 मध्ये आणलेला अमेरिकी भोंगा मोटारीच्या आठ सिलिंडरच्या इंजिनावर चालायचा आणि शंभर फुटांवर 138 डेसिबल आवाज द्यायचा. 1979 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाल्यावर अमेरिकेत अणुकेंद्राभोवतीच्या दहा मैलांच्या टापूतल्या लोकांना झटपट इशारा देण्याची व्यवस्था बंधनकारक झाली. अमेरिकेच्या मध्य भागातल्या गावांनी हवाई हल्ल्यासाठी उभारलेले भोंगे टोर्नेडोच्या इशाऱ्याच्या कामाला लावले. हिंदी महासागरातल्या 2004 च्या त्सुनामीनंतर आशियाच्या किनाऱ्यांवर मनोरे उभे राहू लागले. ओडिशाने 2018 मध्ये सहा किनारी जिल्ह्यांत 122 ठिकाणी भोंगे बसवले. केरळने ‘कवचम’ नावाची यंत्रणा उभी केली. गोव्यातही चक्रीवादळ-इशाऱ्याचे मनोरे आले.

युरोपात त्याआधीच उलटी चाल सुरू झाली होती. शीतयुद्ध संपल्यावर जर्मनीने राष्ट्रीय भोंग्यांचे जाळे मोडीत काढले. बरेचसे भोंगे उतरवले, उरलेले गावांच्या गळ्यात टाकले. त्याचा हिशेब पुढे द्यावा लागला. 10 सप्टेंबर 2020 च्या राष्ट्रीय ‘इशारा दिना’ला मोबाइल अ‍ॅपवरचे संदेश अर्धा तास उशिरा पोहोचले आणि पुष्कळ शहरांत वाजायला भोंगेच नव्हते. नागरी संरक्षण कार्यालयाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. दहा महिन्यांनी, जुलै 2021 मध्ये, आर खोऱ्यात पूर आला. वीज आणि मोबाइल दोन्ही कोलमडली. एकट्या त्या खोऱ्यात 130 हून अधिक माणसे गेली. मग सरकारने भोंग्यांसाठी पुन्हा पैसा ओतला.

अंतराचे गणित

या वादातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत निर्णायक भाग म्हणजे आवाज अंतरागणिक किती घटतो हा. निविदांमध्ये भोंग्याची ताकद ठरावीक अंतरावरच्या डेसिबलमध्ये लिहिलेली असते. समजा, भोंगा शंभर फुटांवर, म्हणजे साधारण 30 मीटरवर, 120 डेसिबल देतो. पाठ्यपुस्तकातल्या नियमाने अंतर दुप्पट झाले की आवाज 6 डेसिबलने उतरतो. मोकळ्या हवेत, काहीही आड येत नसेल तर हे खरे आहे. पण घरे, झाडे, चढउतार, वारा आणि तापमान यांचा हिशेब धरून अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने 1980 च्या मार्गदर्शिकेत नियोजनासाठी दर दुपटीला 10 डेसिबल घट धरायला सांगितली.

सहा आणि दहा यांतला फरक कागदावर किरकोळ दिसतो. जमिनीवर तो केवढा होतो, ते पाहू. त्या 120 डेसिबलच्या भोंग्याचा आवाज 70 डेसिबलपर्यंत उतरायला पहिल्या हिशेबाने साडेनऊ किलोमीटर लागतात. दुसऱ्या हिशेबाने एक किलोमीटरही पुरा होत नाही. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने बदलते, म्हणजे दोन नकाशांत जवळपास शंभरपटीचा फरक पडतो. पहिल्या नकाशात एका भोंग्यात अख्खे खोरे बसते, दुसऱ्यात जेमतेम एक गाव. नकाशावर काढलेले वर्तुळ कोणत्या घटीने काढले, हे विचारल्याशिवाय ‘इतके क्षेत्र व्यापले’ या वाक्याला काही अर्थ नाही. नेमका हाच प्रश्न खरेदीच्या बैठकीत क्वचित निघतो.

दुसरी बाजू आहे ऐकणाऱ्याभोवतीच्या आवाजाची. अमेरिकी अणुकेंद्रांसाठीच्या निकषांत दाट वस्तीत 70 आणि विरळ वस्तीत 60 डेसिबल पोहोचावेत, नाहीतर भोवतालच्या आवाजापेक्षा भोंगा किमान 10 डेसिबलने वरचढ असावा, असे म्हटले आहे. रात्री शांत असणाऱ्या खेड्यात हे सहज जमते. महामार्गालगतच्या वस्तीत, कोसळत्या पावसात पत्र्याच्या छपराखाली किंवा दगडगोट्यांवरून धावणाऱ्या डोंगरी नदीच्या पात्रात जमत नाही. पावसाळ्यातल्या इशाऱ्याची चाचणी डिसेंबरच्या कोरड्या सकाळी घेतली, तर निकाल चांगलाच येणार.

आणि घर? भिंती-खिडक्या वीसेक डेसिबल तरी खातात. वातानुकूलन, बंद काचा आणि चालू टीव्ही असेल तर त्याहून जास्त. अमेरिकेत हे यंत्र बाहेर असलेल्या माणसांसाठी आहे, झोपलेल्याला उठवण्यासाठी नाही, असे अधिकृतपणे सांगितले जाते. आपल्याकडे ही मर्यादा लोकांना क्वचितच सांगितली जाते.

बसवताना काय चुकते

चुकांची यादी जगभर बऱ्यापैकी सारखी आहे. भोंगा आजूबाजूच्या छपरांच्या वर असायला हवा. खाली बसवला तर एकाच वेळी दोन अपाय होतात: आवाज पहिल्याच भिंतीला अडतो आणि खालून जाणाऱ्या माणसाच्या कानाला मात्र इजा होऊ शकते. त्याच अमेरिकी मार्गदर्शिकेने जमिनीवर कुणाच्याही कानावर 123 डेसिबलच्या वर आवाज पडू नये, अशी मर्यादा घातली आहे. शाळेच्या किंवा दवाखान्याच्या गच्चीवर, कठड्यालगत, हाताशी येईल अशा उंचीवर बसवलेला भोंगा ही मर्यादा सहज ओलांडतो. गच्चीची जागा फुकट आणि सरकारी असते, म्हणून ती निवडली जाते. ध्वनीच्या दृष्टीने जागा बरोबर आहे का, हा विचार नंतर. मग पाण्याची नवी टाकी उभी राहते, शेजारी सहा मजली इमारत येते, आणि काल बरोबर असलेली जागा आज चुकीची ठरते.

काही भोंगे चारही दिशांना आवाज फेकतात, काही एकाच दिशेला फेकतात आणि फिरत राहतात. फिरणाऱ्याची फिरकी अडकली, तर तो एकाच दिशेला ओरडत बसतो. स्थिर कर्णे नदीऐवजी कार्यालयाकडे तोंड करून बसवलेले असले, तर कार्यालयाला इशारा उत्तम मिळतो. तीन फेजच्या मोटारीवरच्या यांत्रिक भोंग्यात दोन फेज उलटसुलट जोडले की चाक उलटे फिरते. तरीही भोंगा वाजतो, म्हणून चूक कळत नाही, पण ताकद घटलेली असते. लांबून बारीक तार ओढली की व्होल्टेज पडते आणि मोटार पूर्ण वेग घेत नाही. कर्ण्यांत पक्षी घरटी करतात, हेही लिहून ठेवावे. देखभालीच्या नोंदवहीत ते हमखास सापडते.

बोलणाऱ्या भोंग्यांची अडचण निराळी. ‘सुरक्षित स्थळी जा’ अशी सूचना दोन मनोऱ्यांवरून एकाच वेळी निघाली की लांबच्या मनोऱ्याचा आवाज मागाहून पोहोचतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. डोंगराचा प्रतिध्वनी त्यात भर घालतो. जपानच्या किनारी गावांतल्या ध्वनिक्षेपकांबद्दल ही तक्रार जुनी आहे. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत मिनामिसानरिकु या गावी मिकी एन्डो ही नगरपालिकेची तरुण कर्मचारी पाणी येईपर्यंत ध्वनिक्षेपकावरून लोकांना उंचावर जायला सांगत राहिली. ती वाचली नाही. तिच्या आवाजाने अनेक जीव वाचल्याचे गावकरी सांगतात. जपानमध्ये यंत्र कसे असावे याच्या बरोबरीने माणसाला त्या खोलीत का बसावे लागले, हाही प्रश्न विचारला गेला.

सर्वांत घातक चूक विजेची आहे. ज्या वादळाचा, भूकंपाचा किंवा पुराचा इशारा द्यायचा, तेच आधी वीज घालवते. गावच्याच फीडरवर चालणारा, बॅटरी नसलेला किंवा बॅटरी मेलेली असलेला भोंगा नेमका गरजेच्या क्षणी गप्प बसतो. सप्टेंबर 2018 मध्ये इंडोनेशियातल्या पालू शहरात भूकंपाने वीज आणि दळणवळण दोन्ही तोडली. किनाऱ्यावर भोंगा वाजला नाही, आणि त्सुनामी काही मिनिटांतच येऊन ठेपली. शिसे-आम्लाची बॅटरी तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते. मनोरा मात्र प्रकल्पाच्या निधीतून येतो, आणि प्रकल्प संपल्यावर बॅटरी कुणाच्या खात्यातून घ्यायची, हे ठरलेले नसते.

परिणाम: मुके भोंगे, नको तेव्हा बोललेले भोंगे

8 जून 2014. हिमाचल प्रदेशात बियास नदीवरच्या लारजी वीज प्रकल्पातून संध्याकाळी पाणी सोडले गेले. खाली पात्रात हैदराबादच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी उतरले होते. 24 विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचा एक माणूस वाहून गेले. वाचलेल्यांनी इशारा मिळाला नसल्याचे सांगितले. प्रकल्पाच्या बाजूने भोंगा वाजवल्याचे सांगण्यात आले. वरचे गणित इथे लावून पाहिले की दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, हे ध्यानात येते. 120 डेसिबलचा भोंगा दोन किलोमीटरवर नियोजनाच्या हिशेबाने 60 च्या आसपास उरतो, आणि वाहत्या डोंगरी नदीचा स्वतःचा आवाज सहज त्याच्या वर असतो. उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला 20 लाख रुपये भरपाई ठरवली आणि तिचा सर्वांत मोठा वाटा वीज मंडळावर, उरलेला महाविद्यालय आणि राज्य शासनावर टाकला. ‘आम्ही भोंगा वाजवला’ हा बचाव पुरेसा नाही, ही या प्रकरणाची भारतातली ठळक शिकवण. त्याआधी, एप्रिल 2005 मध्ये, मध्य प्रदेशात धाराजी इथे नर्मदेकाठच्या यात्रेत वरच्या धरणातून सोडलेले पाणी शिरले आणि साठाहून अधिक भाविक बुडाले. तिथे तर खालच्या यात्रेची खबर वर आणि वरच्या पाण्याची खबर खाली पोहोचलीच नव्हती.

भोपाळचे उदाहरण जोडणीतल्या निर्णयाचे आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात कामगारांसाठीचा आणि बाहेरच्या वस्तीसाठीचा भोंगा वेगवेगळे करून ठेवले होते. किरकोळ गळतीला लोक घाबरू नयेत, हे कारण. 2-3 डिसेंबर 1984 च्या मध्यरात्रीनंतर वस्तीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. तो सलग वाजू लागला, तोवर दोन वाजून गेले होते आणि वायू गल्ल्यांतून पसरला होता. भोंगा ऐकून आग लागली असेल असे समजून काहीजण मदतीला कारखान्याच्या दिशेने गेल्याच्याही नोंदी आहेत. इथे यंत्र बिघडलेले नव्हते, ते शिस्तीत वापरले गेले होते. म्हणूनच मला हे प्रकरण बिघाडाच्या सगळ्या प्रकरणांपेक्षा अधिक अस्वस्थ करणारे वाटते.

हवाईतल्या माउई बेटावर 8 ऑगस्ट 2023 रोजी लहायना शहर वणव्यात जळाले आणि शंभरावर माणसे गेली. बेटावर 80 भोंगे होते, एकही वाजवला गेला नाही. आपत्ती व्यवस्थापन प्रमुखांनी कारण दिले ते असे: लोकांना भोंगा म्हणजे त्सुनामी आणि त्सुनामी म्हणजे उंचावर पळा, एवढेच शिकवलेले आहे, ते पळत डोंगराकडे, म्हणजे आगीतच गेले असते. यावर टीका झाली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला. टीका रास्त होती, कारण त्याच यंत्रणेच्या अधिकृत माहितीत वणव्यासाठीही भोंगा वापरता येतो असे लिहिलेले होते. तरी त्यांच्या म्हणण्यातला मुद्दा सोडून देता येत नाही. एकाच आवाजाला दोन विरुद्ध कृती जोडल्या की चालवणाऱ्याचाच हात थबकतो.

उलट बाजूची प्रकरणेही आहेत. 7 एप्रिल 2017 च्या रात्री अमेरिकेतल्या डॅलस शहरातले सगळे 156 भोंगे कुणीतरी रेडिओ संकेताने वाजवले. ते दीड तासाच्या आसपास वाजत-थांबत राहिले आणि आपत्कालीन क्रमांकावर चार हजारांहून अधिक फोन आले. वर्षभराने सॅन फ्रान्सिस्कोच्या भोंग्यांचे संकेतही नक्कल करता येण्याजोगे आहेत, हे सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिले. डिसेंबर 2019 मध्ये ते शहर दुरुस्तीसाठी भोंगे बंद करून बसले आणि दोन वर्षांची दुरुस्ती पुढे लांबतच गेली. गोव्यात सप्टेंबर 2023 मध्ये पर्वरीच्या टेकडीवरच्या मनोऱ्याने संध्याकाळी आपोआप त्सुनामीचा इशारा दिला. समुद्रात काहीच नव्हते. प्रशासनाला खुलासा करावा लागला.  

2025 च्या मे महिन्यात सीमेवरचा संघर्ष चालू असताना वृत्तवाहिन्या बातम्यांना पार्श्वसंगीत म्हणून भोंग्याचा आवाज लावू लागल्या. नागरी संरक्षण महासंचालनालयाने त्यांना तसे न करण्याची सूचना काढली. घरातल्या टीव्हीवर दिवसभर वाजणारा भोंगा बाहेर वाजला तर तो कोण ओळखणार?

मतप्रवाह

पहिले मत आहे भोंगे वाढवा असे. 4 जुलै 2025 च्या पहाटे टेक्सासमधल्या ग्वाडालूप नदीला महापूर आला. केर परगण्यात नदीकाठी भोंगे नव्हते. आधीच्या वर्षांत त्यासाठी मागितलेला निधी मिळाला नव्हता. मुलींच्या एका शिबिरातच 27 जणी दगावल्या. खालच्या अंगाला असलेल्या कम्फर्ट गावात भोंगे होते, ते वाजले आणि तिथे कुणी दगावले नाही. ही तुलना भोंग्यांच्या बाजूने वारंवार दिली जाते. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे: कम्फर्टला पाणी काही तास उशिरा, दिवसाउजेडी पोहोचले आणि स्वयंसेवक दारोदार फिरले होते. भोंग्याचा वाटा किती आणि वेळेचा किती, हे वेगळे करता येत नाही. तरी ज्याच्याजवळ फोन नाही, रेंज नाही किंवा जो उघड्यावर झोपला आहे, त्याला गाठणारे दुसरे साधन कुणी सुचवलेले नाही. ऊसतोड कामगारांच्या कोप्या आणि नदीपात्रातले मेंढपाळ डोळ्यांसमोर आणले, तर या मताचे वजन आपल्याकडे अधिकच आहे.

दुसरे मत म्हणते, भोंग्यांचा काळ गेला, मोबाइल हाच आता भोंगा. भारतात ‘सचेत’ ही सरकारी इशारा यंत्रणा आणि सेल ब्रॉडकास्ट, म्हणजे परिसरातल्या सगळ्या फोनवर एकदम जाणारा संदेश, आले आहेत. 2023 मध्ये चाचणीचा कर्कश संदेश अनेकांच्या फोनवर वाजला, तेव्हा काहींनी फोन बिघडला असे समजून तो बंदही केला. या पद्धतीत क्षेत्र नेमके निवडता येते, भाषा निवडता येते आणि काय करायचे ते लिहिता येते. भोंग्याला यातले काहीच जमत नाही. आर खोरे आणि लहायना इथे टॉवरच बंद पडले, हे या मताला दिले जाणारे उत्तर. नेदरलँड्सने भोंगे बंद करण्याचे ठरवून तो निर्णय पुन्हा पुन्हा पुढे ढकलला. तिथे आजही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बाराला चाचणी होते.

तिसरे मत समाजशास्त्रज्ञांचे. डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी 1990 मध्ये इशाऱ्यांवरच्या संशोधनाचा आढावा घेतला. त्यांच्या मते एका इशाऱ्यावर माणूस हलत नाही. तो आधी खात्री करून घेतो: शेजारी काय करतो आहे ते पाहतो, दुसरीकडून तेच कळते का ते पाहतो. भोंगा ही सुरुवात, निर्णय पुढच्या साखळीत होतो. अमेरिकेच्या मिसुरी राज्यातल्या जॉपलिन शहरात 22 मे 2011 च्या टोर्नेडोआधी भोंगा दोनदा वाजला, तरी दीडशेहून अधिक माणसे गेली. राष्ट्रीय मानक संस्थेच्या चौकशीत दिसले की वरचेवर वाजणाऱ्या भोंग्यांनी लोक निर्ढावले होते आणि दुसरी काही खूण मिळेपर्यंत बरेचजण थांबून राहिले.

इथे खोट्या इशाऱ्यांचा वाद येतो. आधीच्या फसव्या इशाऱ्याचे कारण नीट समजावून सांगितले तर पुढचा प्रतिसाद घटतोच असे नाही, असे मिलेटींच्या परंपरेतले लोक म्हणतात. केव्हिन सिमन्स आणि डॅनियल सटर या अर्थतज्ज्ञांनी 2009 मध्ये अमेरिकी टोर्नेडोंची आकडेवारी तपासली. जिथे खोट्या इशाऱ्यांचे प्रमाण जास्त, तिथे मृत्यूही जास्त, असे त्यांना आढळले. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले, तर खुलासा करणारी यंत्रणा आणि न करणारी यंत्रणा यांत फरक पडतो, एवढे म्हणता येते. पर्वरीसारख्या घटनेनंतर काय सांगितले गेले, हे म्हणूनच महत्त्वाचे.

सरावाचे दोन नमुने

स्वित्झर्लंडमध्ये सुमारे पाच हजार भोंगे कायमचे बसवलेले आहेत. दर फेब्रुवारीच्या पहिल्या बुधवारी दुपारी ते देशभर वाजवले जातात. धरणाखालच्या टापूसाठी तिथे वेगळा ‘जल-इशारा’ आहे: खर्जातले बारा एकसुरी आवाज, प्रत्येक वीस सेकंदांचा, मध्ये दहा सेकंदांची विश्रांती. तो ऐकला की पूरक्षेत्र ताबडतोब सोडायचे, दुसरा अर्थ नाही. लहायनात ज्या घोटाळ्याने हात अडकले, तो इथे दोन निराळे सूर ठेवून आधीच सोडवला आहे.

दुसरा नमुना आपल्याच सांगली जिल्ह्यातला. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. त्यानंतर दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा. साडेआठला पुन्हा भोंगा. याचा आपत्तीशी काही संबंध नाही. पण भोंगा कुठवर पोहोचतो, तो वाजला की काय करायचे आणि कुणी वाजवला नाही तर कुणाला विचारायचे, हे त्या गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. कोट्यवधींच्या यंत्रणेला जे साधत नाही, ते इथे ग्रामसभेच्या ठरावाने साधले.

काय सुटलेले नाही

जबाबदारीचा प्रश्न पहिला. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने आपत्कालीन कृती आराखडा धरणमालकाकडे दिला आहे. भोंग्याचा आवाज ऐकणारी गावे मात्र जिल्हा प्रशासन, पंचायत आणि महापालिका यांच्यात वाटलेली आहेत. 25 जुलै 2024 रोजी खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी बुडाली. रहिवाशांनी वेळेत कळवले नाही अशी तक्रार केली आणि पुढे पाटबंधारे खाते व महापालिका यांच्यात कुणी कुणाला कधी कळवले यावर वाद रंगला. देशातली सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत, दोन हजारांहून अधिक. त्यांच्याखालच्या गावांत शेवटच्या माणसापर्यंतचा इशारा कुणाचा, याचे एकच एक उत्तर आजही मिळत नाही.

दुसरा, रात्रीचा. बाहेरच्या भोंग्याने झोपलेल्याला उठवायचे नाही हे मान्य केले, तर मध्यरात्रीच्या विसर्गासाठी काय? घरात बसवायचे छोटे ग्राहकयंत्र, जसे जपानच्या काही गावांत घरोघरी आहे, हा एक पर्याय. त्याचा खर्च आणि बॅटरी हा पुन्हा तोच प्रश्न. ज्यांना ऐकूच येत नाही, त्यांच्यासाठी केरळसारखे लखलखणारे दिवे जोडले जात आहेत. ते दिवसा आणि घराच्या आतून किती दिसतात, हे अजून तपासायचे आहे.

तिसरा, चाचणीचा. वरचेवर वाजवला तर लोक निर्ढावतात, वाजवलाच नाही तर बिघाड कळत नाही. आवाज न करता यंत्र तपासण्याची सोय आता आहे, पण तिने कर्ण्याचे तोंड कुठे आहे किंवा समोर इमारत उभी राहिली का, हे कळत नाही. ते फक्त दूर उभ्या असलेल्या माणसाच्या कानालाच कळते.

या सगळ्या वादात माझे मत एकाच ठिकाणी ठाम आहे. भोंग्याच्या कंत्राटाचे पैसे खांब उभा राहिल्यावर देऊ नयेत. ठरलेल्या जागी, म्हणजे नदीपात्रात, शेवटच्या वाडीत, महामार्गाच्या कडेला, पावसाळ्यात आणि वीज बंद करून आवाज मोजावा, आणि तो आला तरच पैसे द्यावेत. मोजमापाचा कागद ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. दरवर्षीच्या देखभालीची रक्कम त्याच करारात लिहावी. यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही, करारात चार ओळी वाढवाव्या लागतात.

धरणाखाली किंवा रासायनिक कारखान्याजवळ राहणाऱ्या वाचकांनी येत्या ग्रामसभेत किंवा प्रभाग सभेत तीन प्रश्न जरूर विचारावेत: आपल्यासाठीचा भोंगा कुठे आहे, तो शेवटचा कधी वाजवला गेला, आणि वाजल्यावर कोणत्या वाटेने जायचे.